राइट क्लिकचा मेन्यू

ओपनबॉक्समध्ये लॉगिन केलं की समोर काहीच येत नाही. करडा पडदा आणि त्यावर माउसचा बाण. खाली पट्टी नाही, कोपऱ्यात घड्याळ नाही, कचऱ्याची टोपली नाही, कुणी स्वागतही करत नाही. पहिल्यांदा पाहणारा हमखास म्हणतो, बिघडलं वाटतं. आमच्या गल्लीतले एक काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाले होते, "सर, हे अर्धवटच चालू झालं की!" मी रिकाम्या जागेवर उजवं बटण दाबलं, छोटासा मेन्यू उघडला, तशी त्यांची समजूत पटली. "आत लपून बसलंय होय." यंत्रात जे काही आहे ते त्या मेन्यूतून बाहेर येतं. आणि तो मेन्यू ज्याचा त्यानं लिहायचा असतो.

मी किनवटला मराठी शिकवतो. संगणकाचं शिक्षण म्हणावं असं माझं काही झालेलं नाही. हैदराबादेत नोकरी करणाऱ्या भाच्यानं नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुनं नेटबुक माझ्याकडे आलं. "मामा, भंगारात देऊ की तुम्ही घेता?" असं विचारूनच आलं. दहा इंची पडदा, इंटेलचा अ‍ॅटम एन४५५ प्रोसेसर, दोन जीबी रॅम. त्या चिपला याहून जास्त रॅम घालताच येत नाही. २०१० च्या सुमाराला असली नेटबुकं बाजारात ढिगानं आली आणि टॅबलेट व स्मार्टफोन पसरले तशी दोन-चार वर्षांत दिसेनाशीही झाली. त्यात आधी जी यंत्रणा होती ती जागी होईपर्यंत चहा पिऊन कप विसळून व्हायचा. भाच्यानं पेनड्राइव्हवरून डेबियन नावाचं लिनक्स टाकून दिलं आणि "वर काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा" म्हणून परतीची गाडी पकडली.

'वर काय ठेवायचं' हा प्रश्न लिनक्सबाहेरच्या माणसाला सहसा पडत नाही. त्याचा डेस्कटॉप भिंतीत बसवलेल्या कपाटासारखा, घराबरोबरच मिळतो. लिनक्समध्ये खाली कर्नल, त्यावर पडद्यावर चित्र उमटवणारा एक्स सर्व्हर, आणि त्याच्या वरचं सगळं सुटं. विंडोंना चौकट देणारा, त्या हलवणारा, लहानमोठ्या करणारा विंडो मॅनेजर वेगळा. खालची पट्टी वेगळी. फाइली दाखवणारा वेगळा. वॉलपेपर लावणारा आणखी वेगळा, आणि तो आपलं काम झालं की निघूनही जातो, रॅममध्ये रेंगाळत नाही. गनोम आणि केडीई ही मोठी मंडळी हे सगळं एकत्र बांधून, एका रंगात रंगवून देतात. ज्याला हलकं हवं त्यानं एकेक निवडून घ्यायचं. माझ्याकडे विंडो ओपनबॉक्स सांभाळतो, पट्टी टिंट२ नावाची आहे, फाइलींना पीसीमॅनएफएम आणि वॉलपेपरला फेह. काहीही न उघडता हे सगळं मिळून दोनशे-अडीचशे एमबी रॅम घेतं. गनोमची सुरुवातच जीबीच्या घरात होते.

यातल्या पीसीमॅनएफएमची हकिकत मला आवडते. तो लिहिला तैवानच्या हाँग जेन यी यांनी. पीसीमॅन हे त्यांचंच टोपणनाव. पेशानं ते डॉक्टर. २००६ मध्ये या फाइल मॅनेजरपासून सुरुवात होऊन एलएक्सडीई हा अख्खा हलका डेस्कटॉप उभा राहिला आणि पुढे त्यातूनच, रेझर-क्यूटी या दुसऱ्या प्रकल्पाशी हातमिळवणी होऊन, एलएक्सक्यूटी झाला. एक्सएफसीई १९९६ मध्ये ऑलिव्हिए फूर्दां यांनी सुरू केला, आइसडब्ल्यूएम १९९७ मध्ये स्लोव्हेनियाच्या मार्को माचेक यांनी. एकेका माणसानं आपल्या सोयीसाठी काहीतरी खटपट सुरू करावी आणि तिचं पुढे सार्वजनिक काम होऊन बसावं, असाच या हलक्या डेस्कटॉपांचा बराचसा इतिहास आहे. आमच्याकडे गावात वाचनालयं अशीच सुरू व्हायची.

डेस्कटॉपच्या बाबतीत माणसं किती हळवी असतात ते २०११ मध्ये दिसलं. त्या एप्रिलमध्ये गनोम ३ आलं आणि लोकांची सवयीची पट्टी गेली, मेन्यू गेला, विंडो खाली ठेवण्याचं बटणसुद्धा गेलं. केवढा गहजब झाला! ज्यांनी १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं ते लिनस टोरवाल्ड्सही वैतागून एक्सएफसीईकडे गेले (आणि काही काळानं परतही आले). अर्जेंटिनातल्या एकानं जुनं गनोम २ तसंच्या तसं उचलून नव्या नावानं चालू ठेवलं. तिकडच्या पानाच्या पेयावरून त्याला माटे म्हणतात. नवं काय मिळालं यापेक्षा हाताखालचं काय काढून घेतलं, हेच माणसाला आधी कळतं.

माझ्या नेटबुकावर मी स्वतःच काढत सुटलो होतो. त्याला कारण पडद्याची उंची. १०२४ बाय ६००. म्हणजे उभ्या बाजूनं सहाशे पिक्सेल फक्त. आजचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनीही एवढा बुटका पडदा नसतो. सेटिंगची एखादी विंडो उघडावी तर तिचं 'ओके' बटण पडद्याच्या खाली, जिथं बाण पोचतच नाही. त्यावर उपाय असा: ऑल्ट दाबून धरायचं, विंडोच्या पोटात कुठंही माउसचं डावं बटण दाबायचं आणि विंडो वर ओढायची. तिचं डोकं पडद्याबाहेर जातं आणि पायथ्याचं बटण वर येतं. हे जमायला लागलं की वाटतं, या डोक्याचा उपयोग तरी काय? विंडोच्या माथ्यावरची नावाची पट्टी पंचवीसेक पिक्सेल खाते. ओपनबॉक्सची आरसी.एक्सएमएल नावाची फाइल असते. तिच्यात सगळ्या विंडोंसाठी 'सजावट नको' एवढं सांगितलं की पट्टी जाते. खालची पट्टीही लपवता येते, बाण तळाला नेला तरच वर येईल अशी. मग सहाशेच्या सहाशे पिक्सेल मजकुराला. निबंध तपासताना पानावर आणखी तीन-चार ओळी दिसतात, आणि त्या तीन-चार ओळींचं सुख दहा इंची पडद्यावर काम केलेल्यालाच कळेल.

त्यानंतर कीबोर्ड. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण या यंत्रावर रिकामंच होतं. त्याच्याबरोबर ई दाबलं की लिहायचं पान, एफ दाबलं की फाइली, क्यू दाबलं की समोरची विंडो बंद. प्रत्येक बदलानंतर ओपनबॉक्सला फाइल पुन्हा वाचायला सांगायची. यंत्र बंद-चालू करावं लागत नाही, पापणी लवण्याच्या आत नवी चाल लागू होते. या लगेच मिळणाऱ्या उत्तराची चटक लागते. रात्री जेवणं झाल्यावर बसावं आणि एखादी कडा दोन पिक्सेलची करावी की एक, यावर अर्धा तास घालवावा. बायको विचारायची, "लिहून झालं का?" लिहायला बसलेलोच नसायचो.

डेस्कटॉप सजवणाऱ्यांची जगभर एक जमात आहे. आपल्या पडद्याची चित्रं ते एकमेकांना दाखवतात. गर्द वॉलपेपर, पारदर्शक टर्मिनल, आणि बाजूला काँकी नावाचा प्रोग्रॅम प्रोसेसरचं तापमान, रॅम, नेटचा वेग असं सगळं क्षणाक्षणाला सांगत उभा. दिसतं सुंदर. पण त्या चित्रांत काम चाललेलं क्वचितच दिसतं, आणि दुसरा माणूस कधीच दिसत नाही. मीही काँकी लावून पाहिला. किनवटच्या मे महिन्यात प्रोसेसर तापलाय हे सांगायला काँकी लागत नाही, मांडीला कळतं. काढून टाकला.

तो दुसरा माणूस माझ्या घरी मात्र रोज येत होता. नेटबुक माझं, पण ते माझ्या एकट्याचं कधी राहिलंच नाही. गावात सेवा केंद्रं आहेत, तिथं दिवसा रांग असते, आणि रोजानं जाणाऱ्याला दिवसा वेळ नसतो. मग संध्याकाळी दारात कुणीतरी उभं राहतं. "सर, जरा बघता का? पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म राहिलाय." कुणाला सातबारा हवा असतो, कुणाला निकाल बघायचा असतो, कुणाला जातीच्या दाखल्याचं पुढं काय झालं ते. मी काही दर वेळी घरी नसतो. शेजारची बारावीतली मुलगी हुशार, मी तिला सांगून ठेवलं होतं की मी नसलो तर तू बसून भरत जा. पहिल्याच दिवशी तिनं फॉर्म नीट भरला, पावती पेनड्राइव्हवर घेतली, आणि विंडो बंद कशी करायची ते तिला सापडेना. फुली नव्हतीच ना वर. विंडोजचं बटण आणि क्यू हे माझ्या डोक्यात, तिला कोण सांगणार? थोडा वेळ वाट पाहून तिनं सरळ झाकण मिटलं आणि घरी गेली.

डेस्कटॉप आपल्या मापाचा करा, असं सांगणाऱ्या प्रत्येकानं एक गोष्ट गृहीत धरलेली असते: एक यंत्र, एक माणूस. आमच्याकडे हिशेब तसा नाही. घरात मोबाइल एक आणि त्यावरच्या ओटीपीची वाट बघणारी डोकी चार, ही नेहमीची गत. इथं यंत्र जितकं माझ्या हाताला बसतं तितकं ते दुसऱ्याच्या हातून निसटतं. गनोम-केडीईवाल्यांचा जडपणा यातूनच आलेला असतो हे तेव्हा कुठं उमजलं. त्यांना समोर कोण बसणार ते माहीत नसतं, म्हणून ते सगळंच समोर मांडून ठेवतात. माझी सोय त्यांच्याहून चांगली होती. माझ्यासमोर कोण बसणार ते मला नावानिशी ठाऊक होतं.

फुली परत आली. खालची पट्टी लपायची बंद झाली. पण खरं काम होतं मेन्यूचं, मेन्यू.एक्सएमएल या फाइलीचं. साधा मजकूर असतो तो, कुठल्याही लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडतो. एकेका ओळीला एक नाव द्यायचं आणि ते नाव दाबल्यावर कोणती आज्ञा चालवायची ते सांगायचं. नाव देवनागरीत चालतं. नेहमीच्या मेन्यूत प्रोग्रॅमांची खानेसुमारी असते: इंटरनेट, ऑफिस, ग्राफिक्स, त्याच्या आत आणखी नावं. पण संध्याकाळी दारात उभा राहणारा माणूस प्रोग्रॅम घेऊन येत नाही, काम घेऊन येतो. त्याला फायरफॉक्सशी कर्तव्य नसतं. म्हणून माझ्या मेन्यूत फायरफॉक्स हे नावच नाही. 'शिष्यवृत्ती' आहे, 'सातबारा' आहे, 'निकाल' आहे. दाबलं की ब्राउझर नेमक्या त्या पानावर उघडतो. त्याखाली 'छापा', 'पेनड्राइव्ह काढा', 'बंद करा'.

आणि 'फोटो लहान करा'. या एका ओळीवर मी जितका वेळ घातला तितका बाकी सगळ्या मेन्यूवर नसेल. फॉर्म म्हणतो फोटो पन्नास केबीच्या आत हवा. मोबाइलमधला फोटो तीन-चार एमबीचा. सहीचंही तेच, तिची मर्यादा आणखी कमी. इतक्या लहानशा अडचणीपायी लोक पैसे मोजून फोटो करून आणतात, आणि तोही कधी पन्नासऐवजी बावन्न केबीचा निघतो. इमेजमॅजिक नावाचं एक जुनं, पडद्यावर न दिसणारं साधन आहे. त्याला सांगता येतं की अमुक केबीच्या आत बसेल असा जेपीजी करून दे. दर्जा किती कमी करायचा ते तो स्वतः अजमावून ठरवतो. मेन्यूतली ओळ दाबली की 'फोटो' या फोल्डरमध्ये जे पडलं असेल ते सगळं पन्नासच्या आत होऊन 'लहान' या फोल्डरमध्ये पडतं. आधीच्या त्या दोन पिक्सेलच्या कडेपेक्षा हे मला कितीतरी देखणं वाटतं. पलीकडच्या पाड्यावरून आलेला एक बाप तर फक्त तेवढ्यासाठीच येतो. फॉर्म तो स्वतः मोबाइलवर भरतो.

कामाच्या नावानं मेन्यू मांडायची कल्पना अर्थात माझी नव्हे. आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट-धनगरवाडा नावाची वस्ती आहे. तिथल्या एका खोलीच्या शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. भारतातला तो पहिला प्रयोग. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी, साठवण एक जीबी. माझं नेटबुक त्याच्यापुढे श्रीमंत. आत फेडोरा लिनक्स होतं, पण मुलांच्या समोर यायचा तो शुगर हा अगदी निराळा डेस्कटॉप. त्यात फोल्डर नाहीत, एकावर एक चढणाऱ्या विंडो नाहीत. मधोमध मूल, त्याच्याभोवती करायच्या गोष्टींचं कडं. एक पाऊल मागं घेतलं की मित्रांचा गट, आणखी मागं की आसपासचे सगळे लॅपटॉप. फाइल जपून ठेवायची भानगड नाही. काय केलं त्याची रोजनिशी आपोआप लिहिली जाते. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून त्या प्रकल्पाचा गाजावाजा झाला, किंमत प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास गेली, केंद्र सरकारनं तर २००६ मध्येच नकार कळवला होता. एवढ्यावरून लोक त्याला फसलेला प्रकल्प म्हणून मोकळे होतात. किमतीचं मला माहीत नाही, पण समोर कोण बसणार हे आधी ठरवून मग पडदा आखणं, ही त्यांची चाल पक्की होती.

मराठी मेन्यू लिहिता येतो याचं श्रेयही परक्यांचं आहे. अक्षरं पडद्यावर नीट उमटावीत म्हणून कुणीतरी कधीकाळी डोळे फोडलेले असतात. २००४ च्या सुमाराला रेड हॅटनं लोहित हे फाँट मोकळे केले. ते घडवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं, श्रीलिपीवाल्यांनी. त्याआधीपासून इंडलिनक्सचे कार्यकर्ते भारतीय भाषा लिनक्सवर आणायच्या मागे होते, आणि पुण्यात बसून संदीप शेडमाके यांच्यासारख्या अनुवादकांनी हजारो ओळी मराठीत आणल्या. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. टर्मिनलची माझी भीती मोडली ती त्यांनीच. यंत्राला राहण्याचं ठिकाण म्हणून 'एमआर-इन' सांगितलं की पट्टीतल्या घड्याळावर 'गुरुवार' येतो, 'फेब्रुवारी' येतो. हलक्या डेस्कटॉपांची भाषांतरं मात्र अर्धीमुर्धी असतात. एकाच मेन्यूत दोन ओळी मराठी, तिसरी इंग्रजी. स्वतः मेन्यू लिहिणाऱ्याला त्याचा त्रास नाही.

टायपिंगचं प्रकरण थोडं नाजूक. मी सी-डॅकच्या इनस्क्रिप्टवर लिहितो, स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे, 'ऱ्या' नीट लिहिता येतो. पण टायपिंगच्या क्लासला गेलेल्या पोरांची बोटं जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर पक्की झालेली असतात, आणि बाकीच्यांना मोबाइलमुळे रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय. तिघांना तीन कीबोर्ड हवेत. आधी मी इनस्क्रिप्टच कसा शास्त्रशुद्ध यावर व्याख्यान द्यायचो. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख आज रात्री बाराला संपणार असताना व्याख्यान ऐकायला कोण बसतं! आता मेन्यूत 'टायपिंग' असा उपमेन्यू आहे आणि त्यात तिन्ही ओळी आहेत.

इतकं झाल्यावर प्रश्न येतोच: मेन्यू मराठीतच का? किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, हैदराबाद राज्यात. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते नांदेडला जोडलं गेलं. पण माणसं काही कागदाबरोबर सरकत नाहीत. बाजारात उभं राहिलं तर मराठी, तेलुगू, दखनी, गोरमाटी, गोंडी, कोलामी असं सगळं कानावर पडतं. ओपनबॉक्स अक्षरं मांडायला पँगो वापरतो, त्यामुळे फाँट असला की लिपी कोणतीही चालते. समोरच्या किराणा दुकानदारांसाठी तेलुगू ओळ घातली तर ते म्हणाले, "सर, मला मराठी येते की वाचता. हिशोबाचं मशिन दाखवा." म्हणजे कॅल्क्युलेटर. तो मेन्यूत नव्हता, तो घातला.

गोंडीचा मोह मात्र आवरला नाही. आमच्या सीमेपलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात, गुंजाला नावाचं गाव आहे. तिथं गोंडीच्या एका निराळ्या लिपीतली हस्तलिखितं मिळाली आणि २०१८ मध्ये युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत 'गुंजाला गोंडी' म्हणून ती लिपी दाखल झाली. त्याच्या आदल्या वर्षी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली, बालाघाटकडची, दुसरी गोंडी लिपी दाखल झाली होती. जगातल्या कुठल्याही नव्या संगणकात आता या दोन्ही लिप्यांना जागा आहे, आणि त्यातली एक आमच्यापासून बसनं जाता येईल इतक्या अंतरावर सापडलेली. नोटो नावाचा फाँट घातला, मेन्यूच्या माथ्यावर त्या लिपीत एक ओळ लिहिली. वळणदार, भरीव अक्षरं उमटली. वसतिगृहातला एक गोंड मुलगा फॉर्मसाठी आला होता, त्याला मोठ्या हौसेनं दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं. "छान हाय सर. पण हे मला येत नाही वाचता." मग म्हणाला, "घरी पण कुणाला येत नसंल." मी ओळ ठेवायची की काढायची या विचारात पडलो. त्यानं सांगितलं, राहू द्या. अजून आहे. दाबली तर काहीच होत नाही, तिच्यामागं आज्ञाच नाही.

आता वजनाबद्दलचं खरं सांगायला हवं. डेस्कटॉप कितीही हलका केला तरी आजचं वजन डेस्कटॉपात नसतं, ब्राउझरच्या पोटात असतं. माझा सगळा संसार अडीचशे एमबीत बसतो आणि एखाद्या अर्जाचं एकच पान तेवढंच किंवा त्याहून जास्त मागतं. दोन जीबीत एका वेळी एक टॅब, फार तर दोन. झेडरॅम म्हणून एक युक्ती आहे, रॅममधला मजकूर रॅममध्येच दाबून ठेवायची, तिच्यामुळे निभतं. नेटबुक ६४ बिटचं निघालं हेही नशीब. ३२ बिटच्या लिनक्ससाठी क्रोम मिळणं २०१६ मध्येच थांबलं, आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये तसल्या यंत्रांवर नव्यानं इन्स्टॉल करायची सोयच उरली नाही. जुनं यंत्र हलक्या डेस्कटॉपनं अमर होतं, असं लिहिणारे लिहोत. त्याला काही वर्षं मिळतात. दुसरीकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपल्यावर चांगली धडधाकट यंत्रं लोक टाकायला निघाले, त्यांना ती काही वर्षं मिळाली तर वाईट काय?

शेजारच्या मुलीला तसंच एक मिळालं. नांदेडला कॉलेजात प्रवेश झाला तेव्हा वडिलांनी जुन्या बाजारातून लॅपटॉप घेऊन दिला, चार जीबी रॅमचा. त्यात काय टाकायचं ते विचारायला ती आली तेव्हा मी म्हटलं, ओपनबॉक्स आता जुना झाला. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची आहे, आणि एक्स सर्व्हरच्या जागी वेलँड येतंय. तू लॅबडब्ल्यूसी घे. तो वेलँडवर चालतो आणि ओपनबॉक्सच्या फाइली वाचतो, म्हणजे हाच मेन्यू तिथंही चालेल. तिनं मेन्यू.एक्सएमएल पेनड्राइव्हवर नेली.

दिवाळीला आली तेव्हा लॅपटॉप दाखवायला घेऊन आली. राइट क्लिक केलं. माझ्या मेन्यूतल्या निम्म्याहून जास्त ओळी उडालेल्या. सातबारा गेला, टायपिंगचे तीन कीबोर्ड जाऊन एक राहिला, तोही इनस्क्रिप्ट नव्हे. 'फोटो लहान करा' होतं, त्याच्या शेजारी 'पीडीएफ लहान करा' नवीन आलं होतं. ते कसं केलं म्हणून मी विचारलं तर म्हणाली, घोस्टस्क्रिप्टनं होतं सर, सोपं आहे, तुमच्यातपण टाकून देते. आणि 'बंद करा' ही ओळ तळातून काढून तिनं सगळ्यात वर ठेवली होती.

"ही वर कामून?"

"रूमवर लाइट जाते ना सर. बॅटरी पाच मिनिटं पण टिकत नाही. आधी तेच लागतं."